ओ-३६०: दोन आणि तीन नंबर सिलिंडर तापतात, काऊलची तोंडं मोठी करू का?

रिव्हेटवाला

किटचं दोन सीटचं विमान आहे, लायकोमिंग ओ-३६०, १८० अश्वशक्ती, कार्बोरेटर, फिक्स्ड प्रॉप. ठिकाण अॅरिझोना. इंजिनाचे २८ तास झालेत, तेलाचा खप स्थिरावलाय, म्हणजे नव्या रिंगा बसायच्या काळातली उष्णता हे कारण आता उरलेलं नाही.

बाहेर ९५ अंश फॅरनहाइट, पूर्ण थ्रॉटल, ९० नॉटनं चढताना ४,००० फुटांवरचे सिलिंडरच्या हेडचे (वरच्या टोकाचे) तापमानाचे आकडे, फॅरनहाइटमध्ये, असे:

१ नंबर: ३९५
२ नंबर: ४३२
३ नंबर: ४४०
४ नंबर: ४०५
तेल: २१८

क्रूझला (समपातळीत उडताना) ६५ टक्के पॉवरवर अनुक्रमे ३७५, ३९८, ४१० आणि ३८०, तेल २००. काऊलची, म्हणजे इंजिनावरच्या फायबरग्लासच्या झाकणाची, पुढून हवा घेणारी तोंडं थोडी कापून मोठी करावीत असा विचार आहे. फायबरग्लास एकदा कापलं की परत जोडणं जिकिरीचं, म्हणून आधी विचारतोय.

---

अनुवात

करवत खाली ठेवा. लायकोमिंगची लाल रेघ (हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा) ५०० आहे, पण ती रोज जवळ जाण्याची जागा नव्हे. कंपनी स्वतःच सांगते की जास्त पॉवरच्या क्रूझला ४३५ च्या खाली आणि एरवी ४०० च्या खाली ठेवा, तर सिलिंडर टिकतात. हेडचं अॅल्युमिनियम ४०० च्या वर झपाट्यानं मऊ पडत जातं. तेव्हा काळजी करताय ते योग्यच आहे.

पण आकडे खरे आहेत हे आधी ठरवा. दोन गोष्टी बघा.

पहिली, सेन्सर कुठला? हेडच्या खाचेत बसणारा की स्पार्क प्लगखालचा वॉशरसारखा? कंपनीच्या मर्यादा खाचेतल्या सेन्सरसाठी आहेत. प्लगखालचा वेगळं दाखवतो. चारांपैकी एखाद्या खाचेत आधीच आणखी काही बसवलेलं असेल आणि तेवढ्याच सिलिंडरला वॉशरवाला सेन्सर असेल, तर त्या सिलिंडरची बाकीच्यांशी तुलना करू नका.

दुसरी, वायर. थर्मोकपलची वायर मीटरपर्यंत त्याच जातीची हवी. अमेरिकन रंगांत जे प्रकार पांढरा-लाल आणि के प्रकार पिवळा-लाल, दोन्हींत लाल म्हणजे ऋण. मध्येच साधी तांब्याची वायर जोडली तर मीटर हेडचं तापमान दाखवत नाही, हेड आणि तो जोड यांच्यातला फरक दाखवतो आणि त्यात केबिनचं तापमान मिळवतो. जोड १५० अंशाच्या इंजिनखोलीत आणि मीटर ८० अंशाच्या केबिनमध्ये असेल तर आकडा ७० अंशांनी कमी दिसेल. म्हणजे तुमचे एक आणि चार नंबर ‘चांगले’ आहेत की त्यांची वायर चुकीची आहे, हेही बघायला हवं.

तपासायची सोपी रीत: चारही सेन्सर काढून एकाच पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात एकत्र धरा. चारांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. समुद्रसपाटीला २१२ यायला हवं. उंचीवर दर हजार फुटांना साधारण दोन अंश वजा करा. तेलाचा सेन्सरही त्याच पाण्यात बुडवून घ्या.

---

उंचभरारी

तोंडं कापू नका, पण खालच्या काऊलला लूव्हर (हवा बाहेर सोडणाऱ्या तिरप्या चिरांच्या पट्ट्या) लावायला काय हरकत आहे? हवा बाहेर पडायला जागा मिळाली की आत आपोआप खेचली जाते. दोन पट्ट्या लावल्या की झालं. बऱ्याच विमानांवर दिसतात.

---

अनुवात

लूव्हर वाईट नाहीत. पण आत्ताच लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. निकास तुंबलाय की वरची हवा गळतेय, हे अजून कुठे ठरलंय?

या इंजिनाला गार करतो तो वरच्या आणि खालच्या कप्प्यांतला दाबाचा फरक. पुढून आलेली हवा सिलिंडरांच्या वरच्या बंद कप्प्यात थबकते, तिचा वेग दाबात बदलतो, मग ती फिनांमधून (सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पात्यांमधून) खाली ढकलली जाते आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या भिंतीच्या) खालून बाहेर पडते. वरचा दाब कमी असेल तर एक उपाय, खालचा जास्त असेल तर दुसरा. हे मोजता येतं आणि मोजायला खर्च फारसा नाही.

एक जुनं एअरस्पीड इंडिकेटर घ्या. तेही दाबाचा फरकच दाखवतं, फक्त नॉटमध्ये. पाण्याच्या इंचांत सांगायचं तर समुद्रसपाटीच्या हिशेबानं ६० नॉट म्हणजे २.३ इंच, ७० म्हणजे ३.२, ८० म्हणजे ४.२, ९० म्हणजे ५.३ आणि १०० म्हणजे ६.५.

वरच्या कप्प्यात एक नळी सोडा. तिचं टोक बंद करा आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत आडवी बारीक छिद्रं पाडा. टोक उघडं ठेवून प्रवाहाकडे केलं तर नळी पिटोसारखी (वेग मोजणाऱ्या पुढे तोंड असलेल्या नळीसारखी) वागते आणि खोटा मोठा दाब दाखवते. तशीच दुसरी नळी खालच्या कप्प्यात, एग्झॉस्टपासून लांब, तारेनं पक्की बांधलेली. इंडिकेटरची दुसरी बाजू विमानाच्या स्टॅटिक लाइनला (बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या नळीला) टी लावून जोडा. एका उड्डाणात वरची नळी, पुढच्यात खालची. खालच्या मापात काटा शून्याखाली दाबला जात असेल तर खालचा दाब स्टॅटिकपेक्षाही कमी आहे. तेव्हा नळ्या उलट जोडून मोजा. वाचायला डायलसमोर छोटा कॅमेरा लावा, तुमची नजर बाहेरच राहू दे. काम झाल्यावर टी काढून स्टॅटिक लाइनची गळती तपासल्याशिवाय पुढचं उड्डाण नको.

टक्केवारीसाठी इंचांचीही गरज नाही. मिळालेल्या नॉटचा वर्ग भागिले उड्डाणवेगाचा वर्ग, इतकंच.

आणि तोपर्यंत १०० नॉटनं चढा. ७५ आणि १०० नॉटमध्ये उपलब्ध दाबात पावणेदोन पटींहून जास्त फरक पडतो. आजच्या आज हातात असलेला याहून मोठा उपाय नाही.

---

पाना_पक्कड

अनुवात यांच्याशी पूर्ण सहमत. मोजणी होईपर्यंत काऊल काढून बॅफल (हवा वळवून सिलिंडरांवर नेणारे पत्रे) बघा. २ आणि ३ नंबर तापणं ही या इंजिनाची ओळखीची खूण आहे, आणि कारण ओतीव कामातच आहे. ३ नंबर म्हणजे उजवीकडचं मागचं. त्याच्या हेडच्या मागच्या अंगाला फिना इतक्या उथळ आहेत की जवळपास नाहीतच. मागचं बॅफल तिथं हेडला चिकटून बसलं की हवेला खाली जायला वाटच राहत नाही. २ नंबरचं, म्हणजे डावीकडच्या पुढच्याचं, पुढचं अंगही नेमकं तसंच. बाकी दोघांच्या बाहेरच्या अंगाला फिना खोल आहेत, म्हणून ते गार राहतात.

३ नंबरचा इलाज: मागचं बॅफल जिथं हेडला स्क्रूनं बसतं तिथं मध्ये वॉशर घालून दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, म्हणजे हवा हेडच्या पाठीवरून घसरत खालच्या फिनांपर्यंत पोचेल. वॉशरनं बॅफल कोपऱ्यात उघडं पडत असेल तर तेवढाच भाग बाहेर फुगवून एक उथळ पन्हळ करा, वर हवा घेईल आणि खाली हेडच्या तळाशी सोडेल अशी. पन्हळीच्या कडा सिलिकॉननं बंद हव्यात, नाहीतर ती नुसती गळती होते. २ नंबरला पुढच्या अंगाला हेच करा.

आता मुख्य मुद्दा: सिलिंडरांच्या खाली, दोघांच्या मध्ये बसणारे पत्रे. इंजिन बसवताना हे सगळ्यात दुर्लक्षित राहतात, कारण वरून दिसत नाहीत. आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघा. पत्रा फिनांना टेकलेला हवा, सिलिंडरला खालून कवटाळलेला, आणि हवा निघायला मधोमध फक्त एक चीर. पत्रा बोटभर लोंबत असेल तर हवा दोन सिलिंडरांच्या मधून सरळ खाली पडते आणि फिनांच्या मुळाला शिवतही नाही. वरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित वाटतं. ओढून धरणारी तार किंवा सळई सैल असेल तर घट्ट करा, पत्रा वाकडा असेल तर हातानं गोलाई द्या.

मग फिना. ओतकामाचा राहिलेला पापुद्रा फिनांच्या मध्ये, खास करून प्लगच्या आणि एग्झॉस्ट पोर्टच्या आसपास, कित्येकदा आरपार जाळी धरून बसलेला असतो. वेल्डिंगची बारीक सळई वरून सरकवा. अडकली की तिथं हवाही अडकतेय. लांब पातळ उंदीरशेपटी कानशीनं सावकाश साफ करा. फिन चिरेल असा जोर नको, आणि आधी पोर्ट, प्लगची भोकं सगळी झाका.

आता गळती. रात्री हँगरचे दिवे घालवा, वरचं काऊल बसवा, आत प्रखर एलईडी दिवा ठेवा आणि खालचं काऊल काढून खालून बघा. जिथं उजेड दिसतो तिथून हवा जातेय. नेहमीच्या जागा:

– बाजूचं आणि मागचं बॅफल मिळतात ते कोपरे
– प्लगच्या वायरी आणि प्रायमरची नळी जातात ती भोकं
– ऑइल कूलरच्या चौकटीची कड
– क्रँककेसच्या पुढच्या भागाजवळ, स्टार्टरच्या मोठ्या चक्राच्या मागे
– पुढच्या तोंडातून आत येणाऱ्या उताराची खालची कड आणि बॅफल यांच्यातली फट

शेवटची जागा सगळ्यात महागात पडते, कारण तिथं हवा पूर्ण जोरात असते.

वरच्या रबरी पट्टीचं म्हणाल तर फायबरग्लासवर सिलिकॉन चढवलेली, ३/३२ इंच जाडीची घ्या. पत्र्याची कड आणि काऊल यांच्यात ३/८ ते १/२ इंच जागा सोडा. इंजिन सुरू-बंद होताना किती हलतं ते बघितलं असेल तर ही जागा का ते कळेल. पट्टी कायम आत, म्हणजे दाबाच्या बाजूला वळलेली हवी. मग दाबच तिला काऊलवर चिकटवतो. बाहेर वळलेली पट्टी हवेत पालथी पडते, आणि जमिनीवर ते कळतच नाही. पट्टीच्या कडेला खडूची पूड लावून काऊल बसवा आणि काढा. आत पुडीची अखंड रेघ उमटायला हवी. तुटक रेघ म्हणजे तिथं पट्टी पोचत नाही किंवा चुणी पडलीय. कोपऱ्यावर पट्टी अखंड वळवू नका, कापून एकावर एक चढवा, पुढची मागचीवर.

साधा हिशेब करा. पट्टीची एकूण लांबी ६० इंच धरली आणि सरासरी १/८ इंच फट राहिली तर साडेसात चौरस इंच झाले. एवढं भोक कुणी मुद्दाम पाडलं असतं का?

---

मिश्रण_रिच

इंधनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पूर्ण थ्रॉटल, पूर्ण रिच (मिश्रणात इंधन जास्तीत जास्त) असताना समुद्रसपाटीजवळ या इंजिनाला ताशी १५ गॅलनच्या आसपास किंवा जास्त पेट्रोल लागायला हवं. ठोकताळा असा: दर अश्वशक्तीला तासाला अर्धा पौंड, म्हणजे १८० ला ९० पौंड, सहानं भागा. १३ च दिसत असेल तर इंजिन चढताना लीन (कमी इंधनावर) चाललंय आणि कितीही हवा दिलीत तरी तापणार. हेड सगळ्यात जास्त तापतं ते पीक एग्झॉस्टपेक्षा (एग्झॉस्ट सर्वांत गरम असतो त्या मिश्रणापेक्षा) ४०-५० अंश रिच बाजूला. तुमचं ‘पूर्ण रिच’ तिथं येऊन बसलं असेल तर मुख्य जेट तपासून घ्यावा.

आणखी एक. टेकऑफनंतर दया म्हणून थ्रॉटल थोडं मागे घेऊ नका. या कार्बोरेटरमध्ये पूर्ण थ्रॉटलला जास्तीचं इंधन देणारी वाट उघडते, ती जरासं मागे घेतलं की बंद होते. पॉवर थोडी घटते, मिश्रण मात्र बरंच लीन होतं, आणि हेड गार होण्याऐवजी तापतं.

इग्निशनचं टायमिंग डेटा प्लेटवर आहे तेच आहे ना ते बघा. दोन-तीन अंश पुढे गेलं की चारही हेड एकदम चढतात. एकच चढत असेल तर टायमिंग नव्हे, त्या सिलिंडरच्या इनटेक पाइपचं गॅस्केट किंवा रबर गळतंय का ते बघा.

---

रिव्हेटवाला

सगळ्यांचे आभार. सेन्सर खाचेतले आहेत, वायर पूर्ण जे प्रकारची, उकळत्या पाण्यात चारही दोन अंशांच्या आत. इंधन ताशी १५.४. टायमिंग बरोबर.

९० नॉटच्या चढणीत मोजलेलं: वरचा कप्पा ७४ नॉट, खालचा ४० नॉट.

दिव्याच्या चाचणीत उजव्या मागच्या कोपऱ्यात, कूलरच्या वरच्या कडेला आणि दोन्ही तोंडांच्या उताराखाली उजेड दिसला. उताराखालची फट डावीकडे पेन्सिल आत जाईल एवढी. सिलिंडरांखालचा डावा पत्रा एका टोकाला सुमारे सहा मिलिमीटर लोंबत होता.

---

अनुवात

छान मोजलंत. वर ७४ चा वर्ग भागिले ९० चा वर्ग म्हणजे ६८ टक्के. खाली ४० चा, म्हणजे २० टक्के. फिनांच्या वाट्याला उरले ४८. वर ८० च्या आसपास मिळायला हवेत.

खालचे २० बघून उंचभरारी म्हणतील की निकास तुंबलाय. पण फट दोन्हीकडून मारते. वरची हवा गेली म्हणून वरचा दाब उतरतो, आणि तीच फुकट गेलेली हवा खाली येऊन निकासात गर्दी करते म्हणून खालचा दाब चढतो. त्यामुळे आधी फटी बुजवा आणि परत मोजा. आत्ता लूव्हर लावले असते तर आकडे थोडे सुधारले असते, गळती तशीच राहिली असती, आणि तिचा ड्रॅग विमान संपेपर्यंत सोबत आला असता.

---

कोकणकडा

जरा बाजूचं विचारतो. रोटॅक्स ९१२ यूएलएस या इंजिनाला यातलं किती लागू? आपल्याकडच्या उन्हात, समजा पुण्यासारख्या १,९०० फुटांवरच्या धावपट्टीवर ४० अंश सेल्सियसला?

---

पाना_पक्कड

त्या उन्हात डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) ५,४०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे हवा पातळ आणि वर गरम. बाहेर जितकं वाढेल जवळपास तितकंच इंजिनातही वाढतं असं धरून चाला.

९१२ मध्ये हेड पाण्यानं गार होतात, सिलिंडर मात्र हवेनंच. रेडिएटर चांगला आहे म्हणून सिलिंडरांवरची हवा तोडू नका. रेडिएटरलाही नियम तोच: पुढून आलेली हवा त्याच्या कडेनं निसटायला नको. चारही कडा फोमनं बंद करा, आणि पुढे हळूहळू रुंदावणारी नळी असेल तर उत्तमच. नवीन यूएलएसमध्ये कूलंटची मर्यादा १२० सेल्सियस आहे. ती झाकणाच्या १.२ बार दाबावर अवलंबून आहे. झाकणाचं रबर कडक झालं की पाणी आधीच उकळतं आणि रेडिएटर बिचारा निष्पाप असताना बदलला जातो. विस्तार टाकी सगळ्यात उंच जागी हवी, नाहीतर हवेचे बुडबुडे हेडमध्ये अडकतात. मिश्रण ५०-५०. बिनपाण्याचं कूलंट १८० च्या वर उकळतं हे खरं, पण ते उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे आकडे चढेच दिसतात, आणि त्यात पाणी मिसळलेलं चालत नाही.

तेल ९० ते ११० सेल्सियसमध्ये ठेवा, १३० ही हद्द. हिवाळ्यात उलटी अडचण येते. तेल दिवसातून एकदा तरी १०० ला पोचलं पाहिजे, नाहीतर त्यातलं पाणी उडत नाही. म्हणून कूलरवर चिकटपट्टी लावायची वेळ येते, आणि मार्चमध्ये ती काढायला विसरू नये.

---

रिव्हेटवाला

सगळ्या फटी बुजवल्या, डावा पत्रा टेकवला, ३ नंबरमागे वॉशर घातले, २ नंबरपुढे पन्हळ केली. १ आणि २ च्या पुढचे अडसराचे पत्रे हलवले नाहीत. ९३ अंश, ९० नॉट, ४,००० फूट:

१ नंबर ३८५, २ नंबर ४०८, ३ नंबर ४१२, ४ नंबर ३९२, तेल २०५. वर ८१ नॉट, खाली ३३.

---

अनुवात

म्हणजे वर ८१ टक्के, खाली १३. फरक ४८ वरून ६८ वर गेला, जवळजवळ दीडपट. काऊलला करवत लागली नाही हे बघून फार बरं वाटलं.

अडसराचे पत्रे आता हळूहळू कापा, पण एका वेळी अर्धा इंच आणि एकाच बाजूचा. २ नंबरपुढचा कमी केला की २ उतरेल आणि त्याच्यामागचं ४ थोडं चढेल. ४ ला तेवढी जागा आहे. १ च्या पत्र्याला हात लावू नका, ३ ला त्याचा फटका बसेल. प्रत्येक कापानंतर तेच हवामान, तोच वेग, तीच उंची.

खालचे १३ अजून कमी करायचे असतील तर लूव्हरआधी फायरवॉलचा खालचा कोपरा बघा. हवा तिथं काटकोनात आपटून मग वळते. अडीच-तीन इंच त्रिज्येचा वळवलेला पत्रा लावला की निकास सुधारतो आणि ड्रॅग वाढत नाही. पत्रा स्टीलचा हवा, एग्झॉस्ट जवळ आहे.

---

पाना_पक्कड

तेलाचे २०५ फॅरनहाइट चालतील. मर्यादा २४५ आहे आणि १८० च्या वर राहणं हवंच असतं. तरी एकदा व्हर्नाथर्म (तापमानानुसार तेल कूलरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) काढून बघा. त्याच्या शंकूवर बसकणीची रेघ सगळीकडून सारखी हवी. एका बाजूलाच चमक असेल तर तो नीट बसत नाही आणि गरम तेल कूलरला वळसा घालून जातं. पातेल्यात पाणी तापवत न्या, १८५ च्या सुमारास त्याची दांडी पूर्ण बाहेर यायला हवी. कूलर ४ नंबरमागच्या बॅफलवर टांगलेला असेल तर दर ऑइल बदलाला त्याच्या कोपऱ्यांशी भिंग लावून तडे बघा. पत्रा आधी तिथंच फाटतो, आणि नुकतीच बुजवलेली फट परत उघडते.